शब्दांमधली अंतरं – लेखांक १४ : टाच, थेंब आणि पक्का रंग

डोळ्यांच्या औषधाच्या खोक्यात घडी घातलेला एक पातळ कागद असतो. त्यावरच्या इंग्रजी सूचनेत थेंब टाकण्यासाठी बहुतेक वेळा ‘इन्स्टिल’ हे क्रियापद असतं. मान मागे करायची, खालची पापणी बोटाने हलकेच ओढायची आणि बाटली उलटी धरून एक थेंब सोडायचा. लागोपाठ दुसरा सोडला तर तो गालावर ओघळतो, म्हणून डॉक्टर मध्ये काही मिनिटं थांबायला सांगतात. हेच ‘इन्स्टिल’ इंग्रजी माणूस मुलांच्या मनात प्रामाणिकपणा किंवा वाचनाची गोडी रुजवण्यासाठी वापरतो. लॅटिनमध्ये ‘स्टिला’ म्हणजे थेंब. ‘डिस्टिल्ड वॉटर’ हाही त्याच घरातला. घाई केली तर औषध वाया जातं, ही जाणीव या शब्दाच्या पोटातच आहे.

आता एखाद्या शाळेची माहितीपुस्तिका उघडून पाहावी. ध्येयधोरणाच्या पहिल्या दोन-चार ओळींत ‘इन्कल्केट’ भेटण्याची शक्यता फार मोठी. मूल्यं, शिस्त, देशप्रेम, नेतृत्वगुण, वैज्ञानिक दृष्टी, सगळं ‘इन्कल्केट’ केलं जातं. भारतीय इंग्रजीचा हा अगदी लाडका शब्द आहे. त्याच्या मुळाशी आहे लॅटिन ‘काल्क्स’, म्हणजे टाच. टाचेने तुडवून आत बसवणं, हा त्याचा मूळ अर्थ. अंगणातली माती चोपून चोपून टणक करतात, तसं तेच तेच बजावून मनावर ठसवणं. सोळाव्या शतकात इंग्रजीत आल्यापासून पुनरावृत्ती आणि आग्रह या दोन छटा या शब्दाने सोडलेल्या नाहीत.

म्हणून तो वाईट ठरत नाही. जेवणाआधी हात धुणं, रस्ता ओलांडताना दोन्हीकडे पाहणं या गोष्टी ठसवाव्याच लागतात, त्या थेंबाथेंबाने येत नाहीत. पण कुतूहल? प्रश्न विचारण्याची सवय? ती टाचेखाली दाबली तर उगवणारच नाही. तिथे ‘इन्स्टिल’, ‘नर्चर’, ‘एन्करेज’ असे शब्द हाताशी असताना ‘इन्कल्केट’ची मोहर उठवणं हा निव्वळ सवयीचा भाग आहे, आणि ही सवय मोडायला हवी.

खरी गंमत व्याकरणात आहे. ‘इन्कल्केट’ आणि ‘इन्स्टिल’ यांचं कर्म मूल्य असतं, मूल नव्हे. मुलांमध्ये प्रामाणिकपणा ‘इन्स्टिल’ करतात. मुलांना प्रामाणिकपणाने ‘इन्स्टिल’ करत नाहीत. अशी वाक्यं सर्रास लिहिली जातात आणि काटेकोर संपादक ती खोडतात. ‘इंडॉक्ट्रिनेट’ आणि ‘ब्रेनवॉश’ यांचं मात्र उलट आहे. तिथे क्रियापदापुढे थेट माणूस येतो. क्रिया कल्पनेवर होत नाही, माणसावर होते. मराठी कानाला हा भेद परका नाही. आपण मुलांच्या मनावर शिस्त ठसवतो, पण साक्षीदाराला पढवतो. ‘पढवलेला साक्षीदार’ म्हटलं की त्याच्या बोलण्यात त्याचं स्वतःचं काही उरलेलं नाही, हे वेगळं सांगावं लागत नाही.

‘इंडॉक्ट्रिनेट’चं कूळ मात्र सोज्वळ. लॅटिन ‘डोसेरे’ म्हणजे शिकवणं; ‘डॉक्टर’ त्यातूनच आला, मुळात तो शिकवणारा. सतराव्या शतकात ‘इंडॉक्ट्रिनेट’चा अर्थ नुसता ‘शिकवणे’ होता. शंका घ्यायला वाव न ठेवता मत गळी उतरवणं, हा आजचा अर्थ विसाव्या शतकात पक्का झाला. ‘ब्रेनवॉश’ त्याहून तरुण. अमेरिकी पत्रकार एडवर्ड हंटर यांनी १९५० मध्ये एका चिनी शब्दाचं शब्दशः भाषांतर करून ‘ब्रेनवॉशिंग’ इंग्रजीत रुळवला आणि कोरियन युद्धाच्या काळात तो सर्वतोमुखी झाला.

‘इम्ब्यू’, ‘इन्फ्यूज’ आणि ‘इन्ग्रेन’ या तिघांत सक्ती नाही; ओल आहे, मुरणं आहे. ‘इम्ब्यू’ म्हणजे भिजवणं. त्याच्यापुढेही माणूस येतो, पण पढवल्याचा वास येत नाही. एखादा माणूस सेवाभावाने ओतप्रोत भरलेला आहे, असं सांगायला तो वापरतात. ‘इन्फ्यूज’ म्हणजे आत ओतणं, जसा गरम पाण्यात चहाचा अर्क उतरतो. ‘इन्ग्रेन’ची गोष्ट रंगाऱ्याच्या भट्टीतली आहे. युरोपात किरमिजी रंग एका किड्यापासून काढत. ते वाळलेले किडे दाण्यासारखे दिसत, म्हणून त्या रंगालाच ‘ग्रेन’ म्हणजे दाणा म्हणू लागले. त्यात रंगवलेलं कापड कितीही धुतलं तरी विटत नसे. त्यामुळे ‘इन्ग्रेन्ड’ सवय चांगली असो वा वाईट, ती सहजी निघत नाही. म्हणूनच जातीय किंवा वांशिक पूर्वग्रहांबद्दल लिहिताना हाच शब्द नेमका बसतो.

असे बारकावे कोशापुरतेच राहतात असं समजू नये. राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या कलमानुसार, पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत ‘रिलिजस इन्स्ट्रक्शन’ देता येत नाही. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत यावर चर्चा चालू असताना एका सदस्याने शंका काढली : कलकत्त्याच्या संस्कृत कॉलेजात वेद, स्मृती, गीता, उपनिषदं शिकवतात, मग तेही बंद करायचं का? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उत्तर देताना ‘इन्स्ट्रक्शन’ आणि ‘स्टडी’ यांच्यात रेघ ओढली. अमुक गोष्टीवर विश्वास ठेव, असं सांगणं हे ‘इन्स्ट्रक्शन’. त्यात सिद्धान्त मानायचा असतो. अभ्यास ही सर्वस्वी वेगळी गोष्ट. १९७१ मध्ये गुरू नानकांच्या जीवनकार्याच्या अभ्यासाबाबत, तर २००२ मध्ये अरुणा रॉय यांच्या याचिकेवर शालेय अभ्यासक्रमातल्या धर्मांच्या ओळखीबाबत निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने हाच फरक धरून ठेवला. मराठीत मात्र ‘इन्स्ट्रक्शन’ला आणि ‘एज्युकेशन’ला आपण एकच शब्द लावतो : धार्मिक शिक्षण. न्यायालयाने जपलेली रेघ भाषांतरात पुसली जाते आणि वर्तमानपत्रातली बातमी वाचणारा गोंधळतो. ‘धर्मोपदेश’ आणि ‘धर्मांचा अभ्यास’ असे दोन शब्द वापरले, तरी पुष्कळ काम भागेल.

घटनेतलंच आणखी एक क्रियापद पाहण्यासारखं आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने कलम ५१ क मध्ये नागरिकांची मूलभूत कर्तव्यं आली. त्यात वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधकबुद्धी यांचा उल्लेख आहे. तिथे क्रियापद आहे ‘डेव्हलप’. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ गुंडाळलेलं उलगडणं. पत्र आत गुंडाळून ठेवणारं ‘एन्व्हलप’ ही त्याची उलटी बाजू. शाळांच्या पुस्तिकांमध्ये हेच कर्तव्य उतरवताना ‘डेव्हलप’च्या जागी ‘इन्कल्केट’ आलेलं दिसतं आणि अर्थ हलतो. ‘इन्कल्केट’ म्हटलं की ठसवणारा कुणीतरी समोर उभा राहतो. घटनेच्या त्या वाक्यात असा कोणी नाही. कर्ता आहे तो प्रत्येक नागरिक.