करुणेचा दोष की निवडीचा?

चिनी लेखक लिऊ त्सशिन यांच्या विज्ञानकादंबरी-त्रयीचा अखेरचा खंड २०१० साली निघाला. ‘डेथ्स एंड’ या नावाने तो २०१६ मध्ये इंग्रजीत आला. त्याची नायिका चंग शिन हिच्यावर अनेक वाचकांचा रोष आहे. परग्रहवासीयांना धाकात ठेवणारी कळ तिच्या हाती होती. ती दाबताच दोन्ही जगांचा ठावठिकाणा विश्वात उघड होऊन दोहोंचा विनाश ओढवणार होता. आक्रमण झाले, तरी तिने कळ दाबली नाही. तिच्या करुणेने पृथ्वी बुडवली, असे हे वाचक म्हणतात. इतरांना तीच करुणा ग्रंथाचा प्राण वाटते. आम्हांस पहिला निवाडा अपुरा वाटतो. आधीचा कळधारक लुओ जी असेतो शत्रू स्वस्थ होता. मानवजातीनेच कठोर उमेदवार डावलून चंग शिनला निवडले, आणि सूत्रे बदलताच काही मिनिटांत हल्ला झाला.