गाडी तापते, पाणी गळते. म्हणून थर्मोस्टॅट फेकून देऊ नका!

पै-पै साठवून, हप्ते फेडून घेतलेली जुनी मारुती 800 किंवा ओम्नी हा आपल्या अनेक घरांचा आधार असतो. कोणी तिच्यातून मंडईचा माल आणतो, कोणी मंडपाचे सामान वाहतो, तर कोणी आजारी म्हाताऱ्या आईला दवाखान्यात नेतो. मारुती 800 ची निर्मिती 2014 मध्ये थांबली आणि ओम्नीची 2019 मध्ये. म्हणजे आज रस्त्यावर दिसणाऱ्या या गाड्या वयाने थोराडच म्हणायच्या. या वयात एक दुखणे हमखास उद्भवते. घाट चढताना तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकतो आणि इंजिनाजवळ ओल, नाहीतर पांढरट-हिरवट पापुद्रा दिसू लागतो.

गाडी गॅरेजमध्ये नेली की पुष्कळदा ठरलेले उत्तर मिळते : "थर्मोस्टॅट काढून टाकू. आपल्या गरम हवेत त्याची गरजच नाही." सल्ला स्वस्त वाटतो, पण पुढे तोच महागात पडतो. तो का, आणि खरी दुरुस्ती कशी करावी, हे आम्ही येथे सांगणार आहोत.

थर्मोस्टॅट करतो तरी काय?

इंजिनाभोवती फिरणारे पाणी रेडिएटरकडे केव्हा सोडायचे, हे ठरवणारा हा द्वारपाल आहे. त्याच्या पोटात तांब्या-पितळेची छोटी डबी असते आणि तिच्यात मेण भरलेले असते. इंजिन थंड असताना दार बंद असते. पाणी तापले की मेण वितळून फुगते, दांडी ढकलते आणि दार उघडते. पाणी निवले की स्प्रिंग दार पुन्हा लावून घेते. ना वीज, ना तार. मेणाची ही युक्ती 1930 च्या दशकात अमेरिकेत सर्जियस व्हर्नेट यांनी मोटारीसाठी आणली आणि ती आजही चालते आहे. दार किती अंशांना उघडणार तो आकडा, उदाहरणार्थ 82 किंवा 88, बहुधा थर्मोस्टॅटवरच कोरलेला असतो.

ज्या भांड्यात तो बसतो त्याला मेकॅनिक लोक हाऊसिंग म्हणतात. रेडिएटरचा वरचा रबरी पाईप जेथे इंजिनाला मिळतो, तेथे ते सहसा सापडते.

आमच्या भगिनींना हे प्रकरण समजायला अवघड नाही, कारण रोजचा प्रेशर कुकर याच तत्त्वावर चालतो. रेडिएटरचे झाकण आतला दाब वाढवते, म्हणून पाणी 100 अंशांना उकळत नाही, त्याच्या बरेच पुढे उकळते. कुकरची रिंग खराब झाली की वाफ निसटते आणि डाळ शिजत नाही. हाऊसिंग गळू लागले की गाडीचेही तसेच होते. पाणी तर जातेच, शिवाय दाब टिकत नाही आणि उरलेले पाणी लवकर उकळते.

दोष ओळखावा कसा?

सकाळी थंड इंजिन सुरू करा. पंख्याच्या पात्यापासून बोटे दूर ठेवून वरचा पाईप वरचेवर चाचपून पाहा. चांगल्या थर्मोस्टॅटमध्ये तो काही मिनिटे गार राहतो आणि मग एकाएकी गरम होतो. काटा वर चढला, तरी पाईप गारच राहिला, तर दार बंद अवस्थेत अडकले आहे. इंजिन तातडीने बंद करावे. पाईप पहिल्यापासूनच हळूहळू कोमट होत गेला आणि काटा वर येतच नसेल, तर दार उघडे अडकले आहे.

काढलेला थर्मोस्टॅट तपासण्याची सोपी रीत आहे. जुन्या पातेल्यात पाणी घेऊन तो दोऱ्याने असा लोंबकळत ठेवा की बुडाला टेकणार नाही. पाणी तापवा. उकळी फुटली तरी दार उघडत नसेल, तर तो निकामी समजावा. हे पातेले पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका, कारण कूलंट विषारी असते.

हाऊसिंग का गळते?

मुख्य कारण आपणच घातलेले पाणी. बोअरचे किंवा नळाचे क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षे ओतले की ॲल्युमिनियम आतून खाल्ले जाते. दुसरे कारण कडक पडलेली जुनी गॅस्केट. तिसरे म्हणजे बोल्ट अति आवळल्यामुळे वाकलेली कड. गळती दिसली की बाहेरून एपॉक्सीचा लेप थापतात. तो चार दिवस टिकतो आणि आतली झीज मात्र चालूच राहते.

दुरुस्तीची रीत

1. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. मग झाकण काढून पाणी एका भांड्यात काढून घ्या.

2. वरचा पाईप आणि हाऊसिंगचे बोल्ट काढा. बोल्ट गंजलेला असेल तर तेल सोडून थांबा. तो तुटला तर काम वाढते.

3. जुनी गॅस्केट लाकडी पट्टीने खरवडा. पटाशी वापरली तर मऊ धातूवर चरे पडतात.

4. जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून हाऊसिंगची कड हलकेच घासा. सगळीकडे सारखी चमक आली म्हणजे कड सपाट झाली. खोल खड्डे उरले किंवा चीर दिसली, तर नवे हाऊसिंगच घ्यावे.

5. नवा थर्मोस्टॅट जुन्याच आकड्याचा घ्या. मेणाची डबी इंजिनाच्या बाजूला आली पाहिजे. हवा जाण्याचे बारीक छिद्र असेल तर ते वर ठेवा.

6. नवी गॅस्केट लावून बोल्ट आळीपाळीने, थोडेथोडे आवळा. जोर लावू नका.

7. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे मिसळून सावकाश भरा. झाकण उघडे ठेवूनच इंजिन सुरू करा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी खाली जाईल आणि बुडबुडे येतील. बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा आणि मग झाकण लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पुन्हा पाहा.

काढून टाकला तर काय बिघडते?

इंजिन योग्य तापमानाला पोहोचायला फार वेळ लागतो. पेट्रोल जास्त जळते, तेलात गाळ साचतो आणि झीज वाढते. काही इंजिनांत तर उलटाच प्रकार घडतो. दारच नसल्याने पाणी जवळच्या वाटेने फिरत राहते, रेडिएटरला पुरेसे मिळत नाही आणि गर्दीत गाडी आणखी तापते. त्यात हेड वाकले, हेड गॅस्केट गेली, तर इंजिन खोलावे लागते. थर्मोस्टॅटची किंमत त्या खर्चापुढे काहीच नाही. गाडी पोटापाण्याची असेल तर बुडालेले रोज वेगळेच.

जिवापेक्षा गाडी मोठी नाही

काटा लाल रेघेवर गेला की गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि निदान अर्धा तास थांबा. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. दाबाखालचे उकळते पाणी तोंडावर उडून भयंकर भाजते. कोणी भाजलेच, तर त्या जागी 20 मिनिटे थंड वाहते पाणी सोडा आणि दवाखाना गाठा. टूथपेस्ट, हळद, शाई असले काही लावू नका. कूलंटची चव गोडसर असते, तेव्हा सांडलेले लगेच धुऊन टाका आणि डबा मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा.

ज्याला ही कामे स्वतः करायची नसतील, त्याने मेकॅनिककडूनच करून घ्यावीत. मात्र समोर उभे राहावे आणि विचारावे : दार उघडे अडकले आहे की बंद? कड सपाट आहे का? जुना भाग परत मागून घ्यावा. आपल्या कष्टाच्या पैशाचा हिशेब मागताना संकोच कसला?