नखरे नाहीत, नाक आहे!

दूध-भाकरी कुस्करून ठेवली, मांजराच्या पिल्लानं नुसता वास घेतला आणि ते निघून गेलं. मग घरातला कुत्रा आला आणि वाटी चाटूनपुसून साफ! तुमच्या घरी हे रोज होत असेल, तर पिल्लाला ‘नखरेल’ म्हणायची घाई करू नका.

मांजर आधी नाकानं जेवतं. फ्रिजमधल्या गार चिकनला त्याच्या लेखी वासच नसतो. जरा कोमट करून बघा. आणि हो, आपण पडलो जालनेकर! मोसंबी सोललेल्या हातानं वाटी भरू नका, तो वास बहुतेक मांजरांना नकोसा असतो.

दुसरी अडचण शेजारी उभ्या कुत्र्याची. पाठीमागं कुणी धापा टाकत असेल तर तुम्ही तरी मेसमध्ये नीट जेवाल का? पिल्लाला बंद खोलीत खायला द्या, दिवसातून चार वेळा, थोडं थोडं. कुत्र्याचं खाणं त्याला रोज घालू नका. मांजराला टॉरिन लागतं, ते मांस-मासळीत असतं. कमी पडलं की डोळे आणि हृदय बिघडतं. भाकरीत ते नसतंच, आणि गाई-म्हशीच्या दुधानं अनेक पिल्लांना जुलाब होतात. उकडलेलं, बिनहाडाचं चिकन चालेल, पण सोबत पिल्लांसाठीचं तयार कॅट फूड हवंच. कांदा-लसूण अजिबात नको.

एवढं करूनही दिवसभर पोटात काही गेलं नाही, तर सरळ पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. एवढ्याशा जिवाला उपास झेपत नाही. आणि घरातली तापाची गोळी तर मुळीच देऊ नका. पॅरासिटामॉलनं मांजराचा जीव जातो.