ऐकू येते, पण कळत नाही

"डॉक्टरसाहेब, ऐकू तर येते, पण काय म्हणाले ते कळत नाही." साठी ओलांडलेल्या रुग्णाने असे सांगितले की कानातील मळ, वयोमानाने आलेले बहिरेपण, कधी मधुमेह, असे विचार वैद्याच्या मनात ओळीने येतात. मी त्यांत गेल्या काही वर्षांत एका प्रश्नाची भर घातली आहे. समोर बसून बोललेले कळत नाही, की फोनवर आलेला निरोप कळत नाही? उत्तर दुसरे असेल, तर कानाबरोबर फोनही तपासावा लागतो.

आवाजी निरोप दीडपट किंवा दुप्पट वेगाने ऐकण्याची सोय व्हॉट्सॲपवर २०२१ साली आली. यूट्यूबवर ती त्याआधीपासून होती. घरातील तरुण मंडळी वेळ वाचविण्यासाठी हा वेग वाढवितात आणि बरेचदा तो तसाच राहून जातो. मग तोच फोन आजीच्या हाती येतो.

आजीला हे उमगत नाही, याचे कारण मोठे गमतीचे आहे. आपल्या पिढीला वाढलेला वेग ओळखण्याची एक खूण ठाऊक होती. ग्रामोफोनची तबकडी चुकीच्या वेगावर लावली की गायकाचा आवाज चिरका होई, टेपरेकॉर्डरचे सेल उतरले की तो घोगरा होई. आजच्या फोनमध्ये तसे होत नाही. ध्वनीचे अतिसूक्ष्म तुकडे मधून मधून गाळायचे आणि उरलेले सांधायचे, म्हणजे आवाजाची पट्टी तीच राहते व काळ तेवढा आटतो. हे तंत्र अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात ग्रँट फेअरबँक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ सालीच यंत्रावर करून दाखविले होते. मुलाचा आवाज मुलाचाच वाटतो, म्हणून ऐकणाऱ्याला यंत्राचा संशय येत नाही. "हल्ली सगळेच घाईत बोलतात" किंवा "माझेच कान गेले" अशी तो स्वतःची समजूत घालतो, आणि हळूहळू निरोप ऐकणेच सोडून देतो.

वय वाढले की आतल्या कानाची उच्च स्वर टिपण्याची शक्ती प्रथम घटते. स, श, त, क, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख त्याच स्वरांवर अवलंबून असते. स्वराक्षरे भरघोस ऐकू येतात, व्यंजने निसटतात. म्हणून आवाज आला तरी शब्द लागत नाही. शिवाय ऐकलेल्या ध्वनीचा अर्थ लावण्याचा मेंदूचा वेगही मंदावतो. श्रवणपरीक्षेत फारसा दोष न आढळलेल्या वृद्धांनाही वेग वाढविलेले बोलणे तरुणांपेक्षा कठीण जाते, हे अनेक प्रयोगांत दिसले आहे. आर्थर विंगफील्ड व सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला विशेष बोलका वाटतो. वेगवान केलेल्या बोलण्यात वाक्याच्या व वाक्यांशाच्या शेवटी विराम परत घातले, तेव्हा वृद्धांना अधिक आठवू लागले. शब्द तितकेच जलद होते; मिळाली होती ती फक्त उसंत. वाक्य संपल्यावरची ती क्षणभराची शांतता मेंदूचे मागे राहिलेले काम उरकण्यासाठी असते. फोनवरचा वेग नेमकी तीच आटवितो.

मराठीत हा धोका अधिक आहे, असे माझे मत आहे. आपल्या भाषेत अर्थाची कळ बहुधा शब्दाच्या किंवा वाक्याच्या शेवटी असते. "जेवणाआधी" आणि "जेवणानंतर" यांचा आरंभ एकच. "ही गोळी घ्यायची" आणि "ही गोळी घ्यायची नाही" यांत फरक करणारा शब्द अगदी टोकाला येतो, आणि दुप्पट वेगात तेथेच पुढचे वाक्य येऊन आदळते. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे आकडे तर संथ बोलण्यातही चकवितात.

माझ्याकडे येणाऱ्या एका आजींचा रक्तदाब चांगला आटोक्यात होता. मुलाने त्यांचे कागद शहरातील तज्ज्ञांना दाखविले, गोळी बदलून आणली आणि आवाजी निरोप पाठविला की नवी सुरू करा, जुनी घेऊ नका. निरोप नातवाच्या फोनवर दीडपट वेगाने वाजला. आजींनी नवी सुरू केली, जुनीही चालू ठेवली. चौथ्या दिवशी पहाटे अंथरुणातून उठताना त्यांना भोवळ आली व त्या पडल्या. हाड मोडले नाही, एवढेच. माझ्यासमोर तोच निरोप साध्या वेगाने लावला, तेव्हा त्यांना तो पहिल्याच खेपेस पूर्ण कळला.

आलापल्ली हे चौरस्त्याचे गाव. एक वाट भामरागडकडे, एक सिरोंचाकडे, एक आष्टीवरून चंद्रपूरकडे. जंगलातल्या गावांत फोनला रेंज कधी असते, कधी नसते. त्यामुळे दूर गेलेल्या मुलांचा प्रत्यक्ष फोन लागण्यापेक्षा असा निरोपच अधिक सोयीचा ठरतो. त्यातून कित्येकांच्या घरची बोली माडिया, गोंडी किंवा तेलुगू. नंतर शिकलेली भाषा जलद बोलली गेली की ती समजणे मातृभाषेपेक्षा अधिक कठीण जाते. अशा घरांत औषधाची सूचना शक्यतो घरच्या बोलीतच पाठवावी.

वेगाने ऐकणे वाईट, असे मात्र मी म्हणत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजलिस येथील संशोधकांनी २०२१ साली विद्यार्थ्यांना व्याख्याने निरनिराळ्या वेगांनी ऐकविली, तेव्हा दुपटीपर्यंत त्यांच्या आकलनात फारसे उणे आले नाही. त्यापलीकडे ते घसरले. अनेक दृष्टिहीन व्यक्ती सरावाने आपल्यापेक्षा कितीतरी जलद ऐकतात. माझ्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक प्रवचने सव्वापट वेगाने ऐकतात आणि नंतर त्यांतील चुकाही सांगतात! ऐकून समजत असेल, तर खुशाल ऐकावे. वेगाने कानाला इजा होत नाही. ती मोठ्या आवाजाने होते. न कळलेले कळावे म्हणून आवाज चढवीत नेणे हा उपाय नव्हे, त्याने निसटलेली व्यंजने परत येत नाहीत.

व्हॉट्सॲपचा निरोप सुरू केल्यावर त्याच्या शेजारी लहान आकडा दिसतो. त्यावर बोट टेकवीत गेल्यास एक, दीड, दोन असा वेग बदलतो. तो एकवर आणून ठेवावा. यूट्यूबवर दातेरी चाकाच्या चिन्हात वेगाची निवड असते. तेथे पाऊणपट वेगही मिळतो आणि काहींना तो मानवतो, पण निम्म्यावर आणल्यास शब्द ताणले जाऊन उलट अनोळखी होतात. थांबवून पुन्हा ऐकणे त्यापेक्षा बरे. आणखी एक गोष्ट: यूट्यूबच्या चित्रावर बोट दाबून धरले की तेवढ्यापुरता वेग दुप्पट होतो. ज्यांच्या हाताला कंप आहे किंवा बोट उचलायला वेळ लागतो, त्यांच्याकडून हे नकळत घडते.

साध्या वेगातही शब्द लागत नसतील, दूरचित्रवाणीचा आवाज घरच्यांना असह्य होईल इतका वाढवावा लागत असेल, तर श्रवणपरीक्षा करून घ्यावी. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. पहिले काही दिवस उपचाराच्या दृष्टीने मोलाचे असतात. आणि समोर बसून सावकाश बोललेलेही एकाएकी कळेनासे झाले, बोलणे अडखळू लागले, चेहरा वाकडा झाला किंवा हात लुळा पडला, तर तो पक्षाघात समजून तत्काळ १०८ क्रमांकावर फोन करावा व रुग्णालय गाठावे. 'सर्च' संस्थेच्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गडचिरोलीच्या गावांत मृत्यूचे पहिले कारण पक्षाघात हेच आढळले. साधारण सात मृत्यूंमागे एक.

दूर राहणाऱ्या मुला-मुलींनी औषधाचा निरोप पाठविताना एका निरोपात एकच सूचना द्यावी. "घेऊ नका" हे शब्द आधी उच्चारावेत, मग गोळीचे नाव व वेष्टनाचा रंग सांगावा, थोडे थांबावे आणि तेच पुन्हा सांगावे. शेवटी आई-वडिलांना "कळले का?" असे विचारू नये, कारण उत्तर नेहमी "हो" असेच येते. "काय कळले ते मला सांगा" असे म्हणावे आणि त्यांच्या आवाजातला उलट निरोप येईपर्यंत वाट पाहावी.