माणूस सोडा, जागा धरा

१९९८च्या मोसमात अमेरिकन फुटबॉलमधल्या डेन्व्हर ब्रॉन्कोस संघाचा टेरेल डेव्हिस चेंडू घेऊन २,००८ यार्ड धावला. पुढच्या मोसमात चौथ्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला. त्याच्या जागी ओलँडिस गॅरी आला आणि त्यानेही हजार यार्डांचा टप्पा ओलांडला. २००० साली माइक अँडरसन हा माजी मरीन सैनिक आला, त्याने जवळपास दीड हजार काढले. मग क्लिंटन पोर्टिस, मग रूबेन ड्रॉन्स. गडी बदलत गेले, यार्ड आटले नाहीत. खुद्द डेव्हिसलाही १९९५च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, १९५ जणांची निवड होऊन गेल्यावर कुणीतरी विचारलं होतं. धावणाऱ्यांचं कौतुक झालं ते रास्तच, पण दरवर्षी नव्या माणसाला तीच वाट मोकळी मिळत असेल, तर ती मोकळी करणाऱ्यांकडेही बघायला हवं.

ते पाच जण. मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या पलीकडे टॅकल. या खेळात चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं, आणि त्यासाठी समोरच्यांना अडवणं हे या पाचांचं, म्हणजे लाइनचं, काम. सेंटर चेंडू मागे देतो तेवढाच. एरवी चेंडूशी यांचा संबंध नाही. यार्डांच्या तक्त्यात यांच्या नावाचा रकानाही नसतो. डेन्व्हरच्या लाइनने तर वार्ताहरांशी बोलायचंच नाही, असा शिरस्ता वर्षानुवर्षं पाळला. त्यांचे प्रशिक्षक होते अलेक्स गिब्स आणि त्यांची पद्धत होती झोन ब्लॉकिंग. गिब्स यांचं हुकमी अस्त्र बाहेरच्या कडेने जाणारा झोन. मला मात्र त्याचा भाऊ, मधून घुसणारा इनसाइड झोन, जास्त मोहात पाडतो. शाळेच्या संघांपासून एनएफएल या व्यावसायिक लीगपर्यंत तो सगळे खेळतात आणि तरी तो नीट खेळणं फार थोड्यांना जमतं.

जुन्या पद्धतीत हिशेब सरळ होता: तू याला अडव, मी त्याला अडवतो. मग डिफेन्सवाले शहाणे झाले. चेंडू हलताक्षणी समोरचा लाइनमन तिरका सरकून शेजारच्या फटीत घुसू लागला. त्याला अडवायला निघालेला गडी त्याच्या मागे धावायचा किंवा रिकाम्या हवेला धडकायचा, आणि तेवढ्यात घात व्हायचा. झोनमध्ये माणूस वाटून दिलेलाच नसतो. पाचही जण एकाच दिशेला, एकाच वेळी पाऊल टाकतात आणि आपापल्या पट्ट्यात जो येईल त्याला घेतात. समोरचा सरकला तर सरकू दे, तो शेजाऱ्याच्या पट्ट्यात जाईल आणि तिथला आपल्याकडे येईल. ऐंशीच्या दशकात सिनसिनाटी बेंगल्सचे लाइन प्रशिक्षक जिम मॅकनॅली यांनी ही पद्धत घडवण्यात मोठा वाटा उचलला, त्यांचं नाव या धंद्यात आजही आदराने घेतलं जातं.

पहिलं पाऊल आखूड असतं, जेमतेम वीतभर, आणि ज्या बाजूला चाल जायची त्या बाजूचं. लांब पाऊल टाकलं की एक पाय हवेत असताना धडक बसते आणि तीनशे पौंडांचा माणूसही उताणा होतो. दुसरं पाऊल जमिनीला टेकलेलं असलं पाहिजे, मग भिडायचं. गुडघे वाकलेले, कंबर खाली, कोपरं बरगडीशी, तळवे समोरच्याच्या छातीवर. हात बाहेरून पडले आणि जर्सी ओढली गेली की पंच पिवळा रुमाल टाकतात आणि दहा यार्ड जातात.

आपल्यासमोर थेट कुणी उभा आहे की नाही, हा पहिला प्रश्न. ज्याच्यासमोर कुणी नाही तो शेजाऱ्याच्या मदतीला जातो आणि दोघं मिळून एकाच लाइनमनला मागे रेटतात. खरी कारागिरी इथे आहे. दोघांचे खुबे एकमेकांना चिकटलेले हवेत, मध्ये फट नको. चारही हात लाइनमनवर, आणि चारही डोळे त्याच्या मागे उभ्या असलेल्या लाइनबॅकरवर. तो ज्या बाजूने पुढे येईल त्या बाजूच्या गड्याने सुटून त्याला घ्यायचं, दुसऱ्याने लाइनमन एकट्याने सांभाळायचा. कबड्डीतल्या साखळीसारखंच हे, फक्त हात एकमेकांच्या हातात नसतात आणि कोण कधी सुटणार हे ठरवतो तिसराच, तोही प्रतिस्पर्धी. लवकर सुटलात तर लाइनमन मधून फुटून मागे शिरतो. उशीर केलात तर लाइनबॅकर धावणाऱ्याला दारातच गाठतो.

चेंडू नेमका कुठून जाणार हे लाइनलाही ठाऊक नसतं. चेंडू घेऊन धावणारा रनिंग बॅक गार्डच्या रोखाने सावकाश येतो आणि सेंटरच्या पुढचा पहिला लाइनमन कुठे ढकलला जातोय ते बघतो. वाट सरळ असेल तर सरळ घुसायचं, नाहीतर एकच वळण घेऊन मागच्या, म्हणजे चाल जात नाही त्या, बाजूला कापायचं. दोन-तीनदा नाचणाऱ्याला इथे जागा नाही.

म्हणूनच मागच्या बाजूचा शेवटचा गडी, डिफेन्सिव्ह एंड, ही या चालीची कायमची डोकेदुखी. तो पाठीमागून धावत येऊन कापणाऱ्याला पकडतो. त्यावर उपाय म्हणून कुणी लाइनच्या टोकाला उभ्या राहणाऱ्या टाइट एंडला तिच्या मागून आडवा पळवत नेऊन त्याच्यावर सोडतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्लेनव्हिल स्टेट या छोट्या कॉलेजात प्रशिक्षक रिच रॉड्रिगेझ यांना वेगळं उत्तर जवळजवळ फुकटात मिळालं. सरावात सेंटरकडून चेंडू घेणाऱ्या क्वार्टरबॅकची आणि रनिंग बॅकची चुकामूक झाली, चेंडू क्वार्टरबॅककडेच राहिला. एंड रनिंग बॅकच्या मागे गेलेला पाहून पोरगा त्याने सोडलेल्या जागेतून पळत सुटला. रॉड्रिगेझ यांनी ती चूक चाल म्हणून उचलली: एंडला अडवायचंच नाही, त्याच्याकडे बघून ठरवायचं. अडवायचा एक माणूस कमी झाला. याच झोन रीडच्या बळावर रॉड्रिगेझ यांच्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने जानेवारी २००६च्या शुगर बोल या सामन्यात जॉर्जियाला ३८-३५ असं हरवलं.

डेन्व्हरची गोष्ट सांगताना एक गोष्ट लोक गाळतात. त्यांची लाइन हलकी होती, मुख्य खेळाडू ३०० पौंडांच्या, म्हणजे १३६ किलोंच्या आतले. मागच्या बाजूने पळणाऱ्यांना ती गुडघ्याखाली झेप घेऊन पाडायची. हा कट ब्लॉक त्या काळी नियमात बसत होता, तरी प्रतिस्पर्धी त्यावर चिडून असायचे आणि त्यांचं चुकत नव्हतं. गुडघा गेला की पोट भरायचं साधन गेलं. एकाने वर धरून ठेवायचं आणि दुसऱ्याने खाली झेपावायचं, हा चॉप ब्लॉक एनएफएलने २०१६ मध्ये पूर्णपणे बंद केला. मला विचाराल तर उशीरच झाला.

सराव कंटाळवाणा असतो. पाय फाकलेले राहावेत म्हणून मध्ये लाकडी फळी ठेवून चालवतात. ताठ उभं राहू नये म्हणून बुटक्या छताच्या पिंजऱ्याखालून पळवतात. मग जोडीचा सराव. दोघं मिळून एका गड्याला रेटतात, प्रशिक्षक लाइनबॅकरच्या जागी उभे राहून डावीकडे किंवा उजवीकडे येतात आणि बरोबर तोच सुटतोय का ते बघतात. कधीकधी ते मुद्दाम हलतच नाहीत. अशा वेळी दोघांपैकी कुणीच सुटायचं नाही. पुढचा गडी चार यार्ड मागे लोटत न्यायचा, आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड हव्या असलेल्या खेळात तेवढं भरपूर असतं.