सूर लागतोय, पण फीचं काय?

संगीतात डिग्री करायचीय, पण घरी पैशाचं गणित बसत नाही? गाणं सोडण्याआधी हे गणित एकदा कागदावर मांडून बघा.

गॅदरिंगला तुमच्या गाण्यावर अख्खा हॉल शिट्ट्या मारतो. गावच्या भजनी मंडळात पेटी तुमच्याच हातात असते. लग्नसराईत टिमलीच्या बँडवाल्यांचा कीबोर्डसाठी फोन येतो. होळीला ढोलावर हात पडला की म्हातारी माणसंही मान डोलावतात. आणि मग एक दिवस तुम्ही घरी सांगता, ‘मला म्युझिकमध्ये डिग्री करायचीय.’ घरात शांतता. पहिला प्रश्न येतो, ‘त्यात नोकरी लागते का?’ दुसरा येतो, ‘पैसे किती लागतील?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात कुणीच देऊ शकत नाही. दुसऱ्याचं देता येतं, आणि ते तुम्हीच द्यायला हवं. कारण आपल्याकडे बरीच मुलं गाणं सोडतात ती सूर कमी पडले म्हणून नाही. चौकशी करण्याआधीच ‘आपल्याला परवडणार नाही’ असं घरात ठरून गेलेलं असतं.

शिकायचं कुठे?

आपल्या जिल्ह्यातली बहुतेक कॉलेजं जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी जोडलेली. पूर्णवेळ संगीत शिकायचं तर बहुतेकांना घर सोडावंच लागतं. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग आहे, मुलींसाठी एसएनडीटी आहे. आणि नकाशात आपल्याला जवळ असूनही पटकन आठवत नाही ते बडोदा. नंदुरबार स्टेशनवरून गाडीत बसा, सुरत ओलांडलं की बडोदा. सयाजीराव गायकवाडांनी १८८६ साली तिथे संगीत शाळा काढली. तीच आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्सची फॅकल्टी आहे.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. सरकारी विद्यापीठात वर्षाची फी साधारण हजारांत असते, खासगी विद्यापीठात ती लाखांत जाते. पदवी दोन्हीकडची चालते. त्यामुळे चकचकीत ब्रोशर बघून प्रवेश घेण्याआधी सरकारी विभागांची ऑडिशन देऊन या. तुमच्या खर्चाचा सगळ्यात मोठा निर्णय हाच आहे. बाकीची धडपड त्यानंतरची.

फीपेक्षा खोलीच महाग

सरकारी विभागात फी हा खर्चाचा छोटा भाग असतो. मोठा भाग म्हणजे खोली, मेस, जाणं-येणं आणि वाद्य. म्हणून मदत शोधताना दोन वेगळे रकाने करा, एक फीचा आणि दुसरा राहण्या-खाण्याचा.

फीचा रकाना आधी. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. घरचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर फी आणि वर निर्वाह भत्ता मिळतो. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची फ्रीशिप आहे. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर. एससी, ओबीसी, व्हीजेएनटी विद्यार्थ्यांच्याही योजना तिथेच आहेत. बडोद्यासारखं परराज्यात शिकलात तरी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ज्या राज्याचे तुम्ही रहिवासी, तेच राज्य देतं. फक्त अर्जाची पद्धत प्रवेश घेण्याआधी प्रकल्प कार्यालयात विचारून घ्या.

मुलींनो, एक खबरदारी. ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयाने ‘मुलींना उच्च शिक्षण मोफत’ झालं असं सगळीकडे बोललं जातं. ती सवलत व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आणि ठरावीक प्रवर्गांसाठी आहे. संगीतातलं बी.ए. त्यात बसतंच, असं धरून चालू नका.

आता दुसरा रकाना. आधी आदिवासी विभागाच्या शासकीय वसतिगृहासाठी अर्ज करा. तिथे नंबर लागला नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. २०१६-१७ला ती सुरू झाली तेव्हा पुणे-मुंबईसारख्या शहरांसाठी वर्षाला ६० हजार रुपये ठरले. त्यात जेवणाचे ३२ हजार, राहण्याचे २० हजार आणि इतर खर्चाचे ८ हजार. पैसे थेट तुमच्या खात्यात येतात. एससी आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी अशीच स्वाधार योजना आहे, ओबीसी-व्हीजेएनटींसाठी आधार योजना.

आता भागाकार करा. राहण्याचे २० हजार म्हणजे महिन्याला १,६६७ रुपये. एवढ्यात पुण्यात कॉट मिळवून दाखवा! म्हणजे योजना आहे, पण ती अख्खा खर्च उचलत नाही. त्यात पैसे जूनमध्ये लागतात आणि हप्ता येतो बऱ्याच महिन्यांनी. पोरं कोर्स अर्धवट सोडून परत येतात ती याच मधल्या खड्ड्यात पडून. म्हणून घरून निघताना पहिल्या चार महिन्यांची सोय हातात ठेवूनच निघा.

गाण्यासाठीची खास शिष्यवृत्ती

कलेसाठी वेगळी शिष्यवृत्ती असते, हेच अनेकांना ठाऊक नसतं. केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची सीसीआरटी नावाची संस्था १८ ते २५ वयाच्या तरुण कलाकारांना महिन्याला ५,००० रुपये देते, दोन वर्षं. एकूण १ लाख २० हजार. देशभरात वर्षाला ४०० शिष्यवृत्त्या असतात. शास्त्रीय गायन-वादनाबरोबर लोककला आणि पारंपरिक कलाही त्यात आहेत. म्हणजे ख्याल गाणाऱ्यालाच संधी आणि ढोल वाजवणाऱ्याला नाही, असं नाही. मात्र गुरूकडे किंवा संस्थेत आधी किमान पाच वर्षं शिकलेलं असावं लागतं. तेव्हा ज्यांच्याकडे शिकताय त्यांच्याकडून कधीपासून शिकताय याचं पत्र आजच घेऊन ठेवा. गावच्या गुरूजींकडे लेटरहेड नसेल. चालेल, पण तारीख आणि सही हवी.

कर्ज घ्यायचं का?

बँकेत गेलात की साहेब विचारतील, ‘इंजिनिअरिंग का?’ तुम्ही म्हणाल, ‘म्युझिक.’ पुढे शांतता. घाबरू नका. मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी असेल तर ती बँकांच्या मॉडेल शैक्षणिक कर्ज योजनेत बसते. ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, आई किंवा वडील सहकर्जदार असतात. परतफेड कोर्स संपल्यावर एक वर्षाने सुरू होते. आणि एक कामाची गोष्ट, अभ्यासाला लागणारी साधनं आणि वाद्यंही कर्जाच्या अंदाजपत्रकात धरता येतात. म्हणजे हार्मोनियम किंवा तबलाजोडीचं कोटेशन अर्जाला जोडा. नकार मिळालाच तर तो लेखी मागा. वडिलांचं पीककर्ज थकलेलं असेल तर त्यावर आधी बोलून घ्या, कारण बँक सहकर्जदाराचंही खातं बघते. आदिवासी विद्यार्थ्यांनी नाशिकच्या शबरी वित्त व विकास महामंडळाकडेही विचारावं.

पण सही करण्याआधी हिशोब बघा. समजा दरवर्षी ४० हजार, असे तीन वर्षांत १ लाख २० हजार उचलले आणि व्याज १० टक्के आहे. कोर्स आणि नंतरचं एक वर्ष संपेपर्यंत साधं व्याजच ३६ हजार होतं. मग १ लाख ५६ हजारांवर पाच वर्षांचा हप्ता बसतो साधारण ३,३१५ रुपये. शेवटी हातून जातात जवळपास २ लाख. शिकत असतानाच दर महिन्याचं व्याज भरलंत, पहिल्या वर्षी ते फक्त ३३३ रुपये आहे, तर हप्ता २,५५० वर येतो. बऱ्याच बँका असं व्याज भरणाऱ्याला दरात एक टक्का सूटही देतात.

डिग्रीनंतर चार-पाच शिकवण्या, साथीची कामं आणि कुठे तरी तासिका तत्त्वावर शिकवणं, एवढ्यावर ३ हजारांचा हप्ता ओढता येतो. १२-१५ हजारांचा ओढता येत नाही. म्हणून सरकारी विभाग, फी शिष्यवृत्तीतून आणि उरलेल्या खड्ड्यापुरतं छोटं कर्ज, हे जमतं. खासगी विद्यापीठाच्या लाखांच्या फीसाठी शेत गहाण टाकू नका. आणि मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या अ‍ॅपच्या तर वाऱ्यालाही उभं राहू नका.

संगीत आणि कर्ज यांचं नातं जुनंच आहे. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. राजाश्रयाशिवाय, लोकांच्या पैशावर चालणारी ही गाण्याची शाळा. पुढे मुंबईची शाळा मात्र कर्जात बुडाली आणि मालमत्तेचा लिलाव झाला. तरीही शाळा संपली नाही. त्यांच्या शिष्यांनी १९३१ साली मंडळ उभं केलं, आणि त्याच मंडळाच्या परीक्षा आज गावोगावची मुलं देतात.

घर सोडता येत नसेल तर

प्रत्येकाला पुणं-बडोदा जमेलच असं नाही. आई आजारी असते, धाकटी भावंडं असतात. मग आपल्याच कॉलेजात बी.ए. किंवा बी.कॉम. करा आणि सोबत अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा द्या. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद असा तो जिना आहे. फी स्वतःच्या खिशातून जाते, पण ती परीक्षेपुरती. घरभाडं नाही, मेस नाही. एम.ए. संगीताला जायचं ठरलंच तर हात रिकामे नसतात. याला कमीपणा मानायचं कारण नाही.

फाईल तयार ठेवा

• जातीचा दाखला आणि व्हॅलिडिटी. एसटीची तपासणी समिती नंदुरबारलाच आहे, तरी वेळ लागतो. बारावीतच अर्ज करा.
• तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्न दाखला आणि डोमिसाइल.
• आधारला जोडलेलं बँक खातं. नुसतं आधार दिलंय म्हणून भागत नाही, शिष्यवृत्ती त्याच खात्यात येणार का हे बँकेत विचारा.
• गुरूंचं पत्र, परीक्षांची प्रमाणपत्रं आणि मोबाइलवर नीट रेकॉर्ड केलेली दोन गाणी.
• महाडीबीटीचा अर्ज दरवर्षी रिन्यू करावा लागतो. तारीख चुकली की वर्ष गेलं.
• नंदुरबार किंवा तळोदा, तुमचा तालुका ज्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात येतो तिथे एकदा स्वतः जा. सोबत आई-वडिलांना न्या. पैसे कुठून येणार हे त्यांनी तुमच्या तोंडून ऐकण्यापेक्षा टेबलापलीकडच्या माणसाकडून ऐकलं तर घरातली अर्धी भांडणं तिथेच मिटतात.