मोठी गोदामे आणि स्थानिक भूमी उपयोजन नियोजन : सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :
साठवणूक हा शेतमालाच्या व्यापाराचा कणा होय. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर प्रत्येक राज्यात स्वतंत्र गोदाम ठेवण्याचे करविषयक कारण उरले नाही. परिणामी लहान गोदामांऐवजी महामार्गालगतच्या विस्तीर्ण गोदामांकडे उद्योगांचा कल वाढला. पुणे-बंगळूर महामार्ग सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांतून जातो. त्यामुळे ही गोदामे कोणत्या जमिनीवर उभी राहावीत, या प्रश्नाचा प्रस्तुत लेखात विचार केला आहे.

हरिपूरच्या पेवांचा अनुभव :
सांगलीजवळील हरिपूर येथे हळद साठविण्यासाठी जमिनीत खोल पेवे खणली जात. तेथील माती या कामास अनुकूल असल्याने हवाबंद पेवात हळद दीर्घकाळ कीड न लागता टिकत असे. येथे साठवणुकीची जागा मातीच्या गुणधर्मावरून ठरली होती. परंतु हे गाव कृष्णा-वारणा संगमावर वसले आहे. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरून मोठे नुकसान झाले आणि व्यापाऱ्यांचा कल गोदामांकडे वळला. माती अनुकूल असली तरी पाण्याचा विचार टाळता येत नाही, हा यातील बोध होय.

गोदामांचे भौगोलिक परिणाम :
मोठ्या गोदामास सपाट जमीन, रुंद रस्ता व अवजड वाहनांसाठी फरसबंद आवार लागते. एक हेक्टर छपरावर ५० मिलिमीटर पाऊस पडल्यास ५०० घनमीटर, म्हणजे पाच लाख लिटर पाणी जमा होते. हे पाणी जमिनीत न मुरता शेजारच्या शेतात वा ओढ्यात जाते. सखल जमिनीवर मुरमाचा भराव टाकल्यास पुराचे पाणी पसरण्याची जागा कमी होते. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणीपातळी ५७ फुटांवर गेली होती, हे लक्षात घेता हा मुद्दा केवळ तात्त्विक राहत नाही.

कायदेशीर चौकट :
महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये प्रादेशिक योजनेत शेती, निवासी, औद्योगिक इत्यादी विभाग ठरविले जातात. जमीन महसूल संहितेतील २०१७ च्या दुरुस्तीनंतर, योजनेतील विभागाशी सुसंगत वापरासाठी बहुतेक प्रकरणी स्वतंत्र अकृषिक परवानगीची गरज राहिलेली नाही. म्हणजेच खरा निर्णय परवानगीच्या वेळी नव्हे, तर योजना तयार होतानाच होतो. प्रारूप योजनेवर हरकती व सूचना मागविण्याची तरतूद आहे. मात्र ग्रामस्थांस नकाशा वाचता आला तरच तिला अर्थ प्राप्त होतो. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी परिसरात आधी गोदामे वाढली आणि नंतर, २००७ मध्ये, त्या गावांसाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे विशेष नियोजनाची जबाबदारी आली. उभ्या राहिलेल्या बांधकामांत रस्ते व गटारे बसविणे किती कठीण असते, हे तेथे दिसून आले.

विचारार्थ मुद्दे :
१. तासगावच्या बेदाण्याची शीतगृहे शेतीस पूरक आहेत. वितरण गोदामे महामार्गास पूरक आहेत. नियोजनात दोहोंस एकच निकष लावू नये.
२. निळ्या व लाल पूररेषांमधील नियंत्रित क्षेत्रात भरावाचा एकत्रित परिणाम तपासावा. एकेका गोदामाचा भराव क्षुल्लक दिसतो, सर्वांचा मिळून तसा राहत नाही.
३. बागायती काळ्या जमिनीऐवजी हलक्या, मुरमाड जमिनीस प्राधान्य द्यावे. मात्र तेथील पाण्याची उपलब्धता व पोहोच रस्ता आधी पाहावा.
४. छपरावरील पाण्याच्या पुनर्भरणाची अट कागदावर न राहता प्रत्यक्ष तपासली जावी.

निष्कर्ष :
गोदामांमुळे रोजगार व ग्रामपंचायतीस कराचे उत्पन्न मिळते, हे नाकारता येत नाही. तथापि शेतीखालून गेलेली काळी जमीन पुन्हा शेतीखाली येणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून रस्त्याइतकेच महत्त्व माती व पाण्यास देणारे नियोजन गोदाम उभे राहण्यापूर्वी व्हावे. महाविद्यालयांच्या भूगोल विभागांनी आपल्या परिसरातील गावांचे भूमी उपयोजन नकाशे तयार करून ग्रामसभेपुढे ठेवल्यास या प्रक्रियेस मोलाचे साहाय्य होईल.